मापाचं ब्लाउज

माझी रजनीमावशी या वेळी मापाचं जुनं ब्लाउज न नेता टेलरकडे गेली आणि हात पसरून उभी राहिली. कॅन्सरमुळे तिचा डावा स्तन काढला, त्यानंतरचं हे पहिलं ब्लाउज. टेप धरलेल्या शैलाची नजर मात्र भिंतीवर.

"शैला, कॅलेंडरचं माप घेतेयस का?" मावशी म्हणाली. दोघी हसत सुटल्या.

मला आमच्या घरचे आठवले. "या वयात आता ते कशाला?" म्हणे. स्तन हा शब्द उच्चारायची लाज, पण तो पुन्हा करून घ्यायचा की नाही हे ठरवणार हेच! डॉक्टरांनी मावशीला सगळं स्वच्छ सांगितलंय: घाई नाही, एकाहून जास्त ऑपरेशनं लागतील, स्पर्श पहिल्यासारखा कळेलच असं नाही. नको म्हटलं तरी काही बिघडत नाही. बाईला एवढी माहिती द्यावी आणि गप्प बसावं, इतकं सोपं आहे ते.

"डावीकडे माया जास्त सोड," मावशी म्हणाली. "ऑपरेशन करायचं ठरवलंय मी. मग उसवून सैल करू."

शिवणीत राखलेल्या जादा कापडाला आपण माया म्हणतो. शैलाने चांगली तीन बोटं सोडली.