उंदरांच्या घराची सावली

माझी धाकटी जाऊ सुमन वरच्या वॉर्डात आहे आणि मी खाली, इस्पितळाच्या आवारात फरशीवर वर्तमानपत्र अंथरून बसलेय. वरून कधी हाक मारतील नेम नाही, म्हणून हलता येत नाही. गेल्या खेपेला इथं नातेवाइकांसाठी पत्र्याची शेड होती. ती पाडली, कारण संशोधनाच्या उंदरांना जागा पुरेना. आता तिथं त्यांचं नवं घर उठलंय.

आज पिंजरे आत जात होते. लख्ख, आरपार दिसणारे, तळाला मऊ भुसा. "हळू रे, धक्का नको, घाबरतात ते!" पिंजऱ्यांवर देखरेख करणारे साहेब ओरडत होते. बाई गं! सुमनला स्ट्रेचरवरून नेलं तेव्हा असं कुणी ओरडलं नव्हतं. आत म्हणे गाळलेली थंड हवा आहे आणि अंघोळ करून, कपडे बदलूनच जायचं. माणसाचा आजार उंदराला लागायला नको ना!

उंदरांवर राग नाही हो माझा. त्या बापड्यांना सुमनचंच दुखणं टोचणार आहेत. बोकडालाही आधी न्हाऊ घालून कुंकू लावतात, त्यातली ही माया. राग आहे तो शेड पाडताना खाली कोण बसलंय हे न बघणाऱ्यांवर.

"आजी, उठा. इथं बसायचं नाही," साहेब म्हणाले. "हे सगळं माणसांसाठीच चाललंय."

"मग माणसांनी बसायचं कुठं, तेवढं सांगा की!"

ते घड्याळ बघत आत गेले. दार आपोआप मिटलं.

ऊन चढलं तशी त्या नव्या भिंतीची सावली आखडत गेली. आम्ही दहाबारा पेशंटांचे नातेवाईक पाय पोटाशी घेऊन तिच्यात सरकलो.