अर्ध्या इंचाची ऐट

रायफल रेंजवर दोन जातींची माणसं येतात. एक जण दुकानातून काडतुसांचं खोकं आणतो, नेम धरतो, झाडतो आणि घरी जाऊन चहा पितो. दुसऱ्याला दुकानातलं काडतूस म्हणजे हॉटेलातलं वरण वाटतं. तो गॅरेजमध्ये बसून रिकाम्या पितळी पुंगळ्या घासूनपुसून साफ करतो, बुडात ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवतो, दारू तोलून ओततो, वरून गोळी दाबतो आणि मग जगाला तुच्छ लेखायला मोकळा होतो. मी या दुसऱ्या जातीतला. ग्लासगोच्या हॉस्पिटलात वीस-बावीस वर्षं लोकांना भूल देत आलो, पण खरी ऐट अंगात शिरली ती काडतुसं भरायला लागल्यावर.

दारूचा एक कण जास्त पडला तर मी तो चिमट्याने उचलायचो. एकच कण! पुंगळ्यांची लांबी मोजायचो, गोळ्या वजनावारी लावायचो, प्रत्येक डबीवर बारीक अक्षरात लेबल. रविवारची आमटी माझ्याकडे असते. बायको एकदा गॅरेजच्या दारात उभी राहून म्हणाली, “अहो, मीठ टाकताना यातलं पाच परसेंट लक्ष दिलंत ना, तरी आम्ही तुमचे थँकफुल राहू.” मी तिला शंभर यार्डांवरचा कागद दाखवला. पाच गोळ्यांची पाच भोकं अर्ध्या इंचात. तिने चष्मा वर करून पाहिलं. “बरं, मग?” म्हणाली. असल्या माणसांपुढे काय बोलायचं, असा चेहरा करून मी कागद घडी घालून ठेवला.

मराठी मंडळींत शिकारीचा विषय निघाला की “अरेरे, बिचारं हरीण” म्हणत लोक मटणासाठी दुसऱ्यांदा ताट पुढे करायचे. त्यांना मी व्याख्यान द्यायचो. स्कॉटलंडातले लांडगे कधीच संपले, हरणं भरमसाट वाढली, डोंगरावर रोपटं टिकत नाही, म्हणून दर हिवाळ्यात माद्या मारून कमी कराव्या लागतात. शेवटी आवाज जरा खाली आणून सांगायचो, “आणि माझं काडतूस असेल तर तिला काही कळतसुद्धा नाही.” भूल देणाऱ्या डॉक्टरने असं म्हटलं की लोक गप्प बसतात. मला ते आवडायचं. तोवर मी एकही हरीण मारलेलं नव्हतं, हे कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

रेंजवर एक रिटायर्ड प्लंबर यायचा. दुकानातली काडतुसं, जुनी रायफल, कागदावर भोकं दोन दोन इंच पसरलेली. मला त्याची कीव यायची. एकदा त्याने माझं एक काडतूस उचलून उजेडात धरलं. “गोळी फारच बाहेर बसवलीत, डॉक्टर.” मी त्याला समजावलं, की ते मुद्दाम आहे. नळीच्या आत जिथे पिळाचे कंगोरे सुरू होतात, तिथे गोळी जरा रुतूनच बसली की माझ्या रायफलचा नेम जास्त साधतो. “रेंजवर ठीक,” तो म्हणाला, “पण डोंगरावर न्यायची असतील तर आखूड करून घ्या.” का, एवढं विचारायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. पण प्लंबरने कन्सल्टंटला शिकवायचं? मी “आय विल बेअर दॅट इन माइंड” म्हणालो. इथल्या सभ्य भाषेत त्याचा अर्थ ‘चालता हो’ असा होतो.

जानेवारीत मी उत्तरेला गेलो. पाहुण्या शिकाऱ्याला हरणापर्यंत नेणाऱ्या जाणत्या माणसाला तिकडे स्टॉकर म्हणतात. हा पन्नाशीचा, वाळका, दिवसाला दहा शब्द बोलणारा. माझ्या लेबल लावलेल्या डबीकडे पाहून त्यातले दोन त्याने खर्च केले. “व्हेरी नीट.” मी चक्क खूश झालो.

दोन तास ओल्या चिखलातून सरपटत गेल्यावर दीडशे यार्डांवर एक मादी आडवी उभी दिसली. रेंजवर मला टेबल असतं, वाळूच्या पिशव्या असतात, थर्मासमधली कॉफी असते. इथे छाती भात्यासारखी हलत होती आणि चष्म्यावर पाणी. मी चाप ओढला. मादी खाली गेली, उठली आणि पुढचा एक पाय लोंबकळत ठेवून उंचवट्यापलीकडे दिसेनाशी झाली. मी लगेच दुसरं काडतूस भरलं.

“अनलोड,” स्टॉकर म्हणाला. भरलेली रायफल घेऊन डोंगरावर चालायचं नसतं. मी काडतूस बाहेर काढायला बोल्ट मागे ओढला. बाहेर आली ती नुसती पुंगळी. गोळी नळीतच रुतून राहिली होती आणि कण कण तोललेली ती सगळी दारू बोल्टमध्ये, चापात सांडली होती. रेंजवर मी भरलेलं काडतूस कधी परत काढलंच नव्हतं. तिथे भरायचं ते झाडायचंच. प्लंबरला काय म्हणायचं होतं ते मला तेव्हा कळलं. गोळी ठोकून काढायची सळई गॅरेजमध्ये खुंटीला होती. पुढे गोळी अडकलेली असताना दुसरं काडतूस आत जात नाही. माझ्या हातात आता एक महागडी काठी होती.

उंचवट्यावरून डोकावलो तर मादी ऐंशी यार्डांवर, खळग्यात बसलेली. मान ताठ, डोळे उघडे.

“जवळ गेलो तर तीन पायांवर मैलभर पळेल,” स्टॉकर पुटपुटला. “अंधार पडायच्या आत सापडायची नाही. माझी रायफल गाडीत आहे. तुम्ही इथेच पडून राहा. हलू नका.” आणि तो उतरणीला लागला.

तो एक तास दहा मिनिटांनी परत आला. तेवढा वेळ मी तिच्याकडे बघत पडून होतो. ती पाय चाटायची, थांबायची, पुन्हा चाटायची. दोनदा तिने उठायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा बसली. सवयीने मी तिचे श्वास मोजायला लागलो, मग तेही बंद केलं. मोजून मी काय देणार होतो तिला? आयुष्यभर माणसांना एकच शब्द दिला, की काही कळणार नाही, आणि तो पाळला. ही इतकी दुखत असताना मी ऐंशी यार्डांवर ओल्या गवतात हात बांधून पडलो होतो. मला स्वतःची किळस आली. त्या कागदाची, चिमट्याची, पार्टीतल्या व्याख्यानांची, सगळ्याची आली.

स्टॉकर सरपटत शेजारी आला. त्याच्या रायफलच्या दस्त्याला काळी टेप गुंडाळलेली होती. ती त्याने माझ्यापुढे सरकवली. “तुम्ही सुरू केलंत,” म्हणाला, “तुम्हीच संपवा.” नेम धरायला मी बराच वेळ घेतला, तोही तिच्याच वाट्याला गेला. मग चाप ओढला. तिची मान खाली गेली आणि या वेळी ती उठली नाही.

हरीण पडलं की स्टॉकर पाहुण्याशी हात मिळवतो, अशी तिकडची रीत आहे. आम्ही तिच्याजवळ पोचलो. मी हातमोजा काढून हात पुढे केला. तो खिशातला सुरा काढून खाली वाकला आणि कामाला लागला. हात दिसला नसेल त्याला, असं मी स्वतःला सांगितलं. त्याला दिसला होता.