अब्बांच्या कॅमेऱ्याचा पट्टा

नाशिकच्या दुकानात अब्बांच्या जुन्या कॅमेऱ्यासाठी गळ्यातला पट्टा निवडत होते. नव्या चामड्याचा वास आला आणि मी थेट येवल्याच्या आमच्या अंगणात पोचले.

अब्बा लग्नांचे फोटो काढत. नवा पट्टा आणला की आधी त्याला पाण्याने भरलेली कळशी टांगून बघत. मी लहान असताना एकदा कळशी उतरवून त्यांनी पट्ट्याला कॅमेरा लावला आणि मी मागितला म्हणून माझ्या गळ्यात घातला.

"बेटा, काचतोय का?"

"नाय अब्बा!" मान चांगलीच लाल झाली होती.

दुसऱ्या दिवशी पट्ट्याला आतून मखमल शिवलेली दिसली. पण पुढे अब्बा तो गळ्यात न घालता मनगटालाच गुंडाळून फिरत. मला वाटे, सवय असेल.

आज दुकानदाराने मापासाठी तो झिजलेला पट्टा काउंटरवर पसरला.

"मॅडम, हा तर लहान मुलाच्या मापाने कापलाय."

आणि मी तो कॅमेरा पुन्हा कधी मागितलाच नव्हता.