न बोलता कळणारी मुलगी

माझी धाकटी बहीण तीन वर्षांची असताना तिच्या हुशारीचं गुजरातमधल्या आमच्या घडियाळी पोळ या गल्लीत सगळ्यांना कौतुक होतं. बाबा ऑफिसला निघायला उठले की ती त्यांच्या चपला आणून ठेवी. आईने कुकर उतरवला की ताटं मांडायला धावे. पाहुणे आले की बाबा तिला समोर बसवत आणि नुसते डोळे चोळून दाखवत. ती उठून चष्मा घेऊन येई. "हिला काही सांगावं लागतच नाही," बाबा म्हणत.

त्याआधीच्या वर्षी तिला मोठा ताप येऊन गेला होता. त्यानंतर तिचं बोलणं आटत गेलं. आईला ते खटकायचं. पण हुशार मुलं उशिराच बोलतात, असं बाबांचं मत होतं आणि शेजारणींनीही तेच सांगितलं.

चार वर्षांची झाल्यावर बाबा तिला फतेगंजकडच्या एका बालमंदिरात घेऊन गेले. मीही बरोबर होते. तिथल्या बाईंनी ठोकळे मांडले. बहिणीने ते उंचीप्रमाणे लावून दाखवले. मग बाई कपाटाकडे वळल्या आणि पाठमोऱ्याच त्यांनी तिचं नाव विचारलं. पुन्हा विचारलं. बहीण ठोकळे लावत राहिली. बाई हळूच तिच्या मागे आल्या आणि त्यांनी जोरात टाळी वाजवली. मी दचकले. तिने मानही वर केली नाही.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की कान त्या तापातच गेलेत.

"मुलगी मंद असती तर तुम्ही तेव्हाच आणली असती," ते म्हणाले. "ही चेहरे वाचून भागवत राहिली."

तेव्हाच आणली असती तर काय झालं असतं, असं बाबांनी विचारलं. बोलणं बरंचसं टिकलं असतं, असं उत्तर मिळालं. पाहुण्यांसमोर तिला बसवणं त्या दिवसापासून बंद झालं.

बहिऱ्या मुलांची शाळा गुजराती होती. तिथे ती ओठ वाचायला शिकली, पण गुजराती बोलणारे ओठ. घरातही तिच्याशी गुजरातीच बोला, दोन भाषांनी तिचा गोंधळ होईल, असं शिक्षकांनी बजावलं. आई लग्न होऊन साताऱ्याहून आलेली, तिचं गुजराती भाजी घेण्यापुरतं. ती पोटच्या मुलीशी अडखळत बोलू लागली. रागवायचं झालं तरी आधी शब्द शोधावा लागे, आणि तो सापडेपर्यंत राग ओसरून नुसता थकवा उरे.

शेवटच्या आजारात आईचं होतं नव्हतं ते गुजराती पुसलं गेलं. बहीण तिच्या तोंडाशी वाकून बसायची. एका दुपारी आई तिच्याकडे बघत तेच तेच पुटपुटत होती. बहिणीने माझ्याकडे वळून तिच्या जड आवाजात विचारलं, "शुं कहे छे?"

आई तिला जेवलीस का, असं विचारत होती. मी ते गुजरातीत सांगितलं. बहिणीने घाईघाईने मान डोलावली, पण तोवर आईने डोळे मिटून घेतले होते.