फणसाच्या फळ्या

ती घटना आठवली की आजही मला एकट्यालाच हसू फुटतं. इंग्रजी अमलातले दिवस, मी तेव्हा पोलीस फौजदार होतो. बेळगावात एका कॉलेजचं नवं नाट्यगृह उभं राहत होतं. वर्गणी गोळा झाली होती. आसपासच्या गावांनी कुणी दगड, कुणी चुना, कुणी लाकूड दिलं होतं. उद्घाटनाला कलेक्टरसाहेब येणार, आणि ऐन तोंडावर रंगमंचाच्या पुढच्या फळ्या नाहीशा झाल्या!

प्राचार्यांनी फिर्याद दिली. वरच्या साहेबांच्या हुकमानं म्हातारा रखवालदार कोठडीत गेला. "साहेब, डोळा लागला हुता, एवढाच माझा गुन्हा," असं तो सारखा सांगत होता. नोकरी तर जाणारच होती, वर चोर म्हणून शिक्का बसणार होता. मला त्याची फार कीव आली.

पंचनाम्यात एक गोष्ट खटकली. सागवानी तुळया, पितळी कड्या, सगळं जागच्या जागी होतं. चोर मोठा व्यवहारी असतो. पितळ सोडून फणसाच्या फळ्या कोण नेईल?

दुसऱ्याच दिवशी खडेबाजारात आमच्या खबऱ्यानं गाठलं. "साहेब, खानापूरकडं एका गावात नाटक हाय. त्येंचं इस्टेज लई नवं दिसतंय."

हवालदाराला घेऊन साध्या कपड्यांत तिथे गेलो. देवळापुढे भर दुपारी तालीम चालली होती. तोडलेल्या फणसाच्या बुंध्याशेजारी आमच्या फळ्या मांडलेल्या, आणि त्यांवर मुकुट घातलेला राजा! हे गावचे पाटील. मुकुट दिसताच हवालदारानं खाडकन सलाम ठोकला. मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो माझ्यामागे लपला.

"पाटील, फळ्या तुम्ही नेल्या?"

"व्हय. आमच्याच हायत. ह्या फणसाखाली आमचे आजे-पणजे नाचले. तुमचे प्राचार्य हितं येऊन म्हणालते, झाड द्या, पयला खेळ तुमचा. आता म्हणं साहेबासाठी इंग्रजी नाटक! मग आमचं झाड आमी आणलं."

"पण तुमच्यापायी तिथला रखवालदार कोठडीत आहे."

राजाचा चेहरा उतरला. "त्येनं काय केलंय? गाडी जुंपा रं! साहेब, त्येला सोडा, मला धरा."

फळ्यांच्या गाडीवर बसून, मुकुटासकट, पाटील ठाण्यात हजर झाले. बाहेर ही गर्दी! मी बोलावून घेतलेल्या प्राचार्यांनी त्यांना पाहताच कपाळाला हात लावला. "शब्द मीच दिला होता. बांधकामाच्या धांदलीत साफ विसरलो." त्यांनी फिर्याद मागे घेतली. रखवालदार सुटला, नोकरीही राहिली.

वस्तू कुणी नेली हे पोलीस विचारतोच. त्याआधी शब्द कुणी दिला होता, हेही विचारावं, एवढं मी त्या प्रकरणात शिकलो.

उद्घाटनाला पहिला खेळ गावाचा झाला. पाटलांच्या आग्रहावरून पडद्याची दोरी रखवालदारानं ओढली. राजानं पाऊल टाकण्याआधी वाकून फळीला हात लावला आणि तो कपाळी नेला. माझ्या शेजारी हवालदारानं पुन्हा सलाम ठोकला. या खेपेला मीही ठोकला.