भालदाराचा सव्वा रुपया

संस्थान विलीन झालं आणि आमच्या नाटकाला दरबारातून मिळणारे पडदे, दिवे, पोशाख एका फटक्यात बंद झाले. मंडळाचा सचिव मी. मीच डोकं चालवून नियम काढला, ज्याची भूमिका मोठी त्याची वर्गणी मोठी. राजाचे अकरा रुपये, भालदाराचा सव्वा रुपया. पैसे घेऊन तोंडाला रंग लावणारे आपण नव्हे, असं वर छाती फुगवून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आमचा नाटकातला राजा शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, हजीऱ्याहून पायी तालमीला यायचा. माझ्याच वयाचा, पण उभा राहिला की आम्ही बाकीचे कुणाला दिसत नसू. दरवर्षी राजा तोच. नव्या राज्यात त्याचं सरकारी दफ्तर इंदूरला गेलं आणि छाटणीत त्याची नोकरी गेली, हे मला ठाऊक होतं. माधवगंजच्या देवळात भूमिका वाटायला बसलो, तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला, "सचिवसाहेब, ह्या वेळी राजा माझ्याकडून नाही होणार. भालदाराचं काम देऊन टाका."

कारण मला तिथल्या तिथे कळलं. वर्गणी माफ करणं माझ्याच हातात होतं, कुणी हूं की चूं केलं नसतं. पण राजा व्हायची हौस मला कधीची होती. "पाठांतर होत नाही वाटतं आता?" मी हसत विचारलं. मंडळी खो खो हसली. तोही हसला आणि त्यानं सव्वा रुपया तबकात ठेवला. अकरा रुपये मी ठेवले.

प्रयोगात दुसऱ्याच अंकात माझी बोबडी वळली. पुढचं वाक्य काही केल्या आठवेना. माझ्या मागे भाला धरून उभ्या असलेल्या त्यानं ओठ न हलवता ते वाक्य सांगितलं. मग त्याच्या पुढचं. अख्खा प्रवेश मी त्याचं ऐकून बोललो. टाळ्या झाल्या, हार आला, आणि मी मान पुढे करून तो घालून घेतला. इतक्या वर्षांनीही ती पुढे केलेली मान आठवली की मला माझीच किळस येते.

रंग पुसताना त्याच्याजवळ गेलो. माफी मागायची होती, पण मी गळ्यातला हार काढत राहिलो. पोशाखाची घडी घालत तोच म्हणाला, "छान झालं हं. पुढच्या साली पण मला भालदारच ठेवा. तेवढं जमून जाईल."

"ठेवू की," मी म्हणालो.