एक चकती जास्त

आमच्या भागातले सगळे ट्रकवाले त्यांना कानसेन म्हणतात. मी काका म्हणतो. त्यांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहतो आणि दुपारचा चहा त्यांचा पितो. साहित्यात पदवी घेतलेल्या माणसाला दुपारी फारसं काम नसतं.

काका डिझेल इंजिनाचे इंजेक्टर दुरुस्त करतात. दुसरं काही नाही. कोणी ब्रेकचं काम घेऊन आला तर न्हाव्यासमोर दात काढून घ्यायला बसलेल्या माणसाकडे बघावं, तसं त्याच्याकडे बघतात.

इंजेक्टर वीतभर लांब असतो. आत एक सुई, सुईवर स्प्रिंग. डिझेलचा दाब वाढला की सुई उचलते, फवारा उडतो, सुई पुन्हा आपल्या बैठकीवर आपटते. मिनिटाला हजार वेळा. सुई आणि तिच्या घरामधली फट केसाच्या तिसाव्या भागाएवढी. तिथे वंगण दुसरं नाही, डिझेलच. डिझेलात पाणी आलं की सुई गंजते, धूळ आली की घासते, भेसळ आली की कोरडी पडते. मग फवाऱ्याच्या जागी धार लागते, इंजिन काळा धूर ओकतं आणि चढावर मान टाकतं. हे मी काकांच्या तोंडून दीडशे वेळा ऐकलं असेल. शेवट ठरलेला.

"सुई मरत नसते रे. तिला मारतात. तुझ्यासारखे."

दीडशे ट्रकवाल्यांनी हे खाली मान घालून ऐकून घेतलं, कारण काकांचा कान. तपासणीच्या टेबलावर इंजेक्टर लावायचा, हाताने दांडा दाबायचा. चांगला इंजेक्टर करकरतो. दाब किती ते दाखवायला शेजारी मीटर आहे. त्यावर काका आपली टोपी अडकवत.

"मीटर बहिऱ्यांसाठी असतं," असं ते म्हणत. करकर मनासारखी आली नाही तर स्प्रिंगमागे एक पातळ चकती वाढवायची. स्प्रिंग घट्ट होते, सुई जास्त दाबाला उघडते, आवाज खणखणीत येतो. किती चकत्या, ते कान सांगणार.

काकांचा मेव्हणा शाळेची बस चालवतो. बस त्याचीच, एकच. तिचे इंजेक्टर पूर्वी दोन-दोन वर्षं टिकायचे. या वर्षी पाच महिन्यांत तीनदा निकामी झाले. तिसऱ्यांदा बस पुलावर बंद पडली, आत चाळीस मुलं. मुख्याध्यापिका बाईंनी त्याला सरळ सांगितलं, पुन्हा एकदा असं झालं की दुसरी बस लावू. त्याच्या घरात दुसरी मिळकत नव्हती.

दर वेळी काकांनी त्याला भर दुकानात धुतला. "स्वस्तात ड्रममधलं डिझेल घेतोस. मुलांच्या जिवावर." मेव्हण्याने ड्रममधलं डिझेल कधी घेतलं नव्हतं. तरी त्याने पेट्रोल पंप बदलला. मग फिल्टर बदलला. मग टाकी उतरवून आतून धुतली. बस पुन्हा धूर ओकू लागल्यावर चौथ्यांदा तो आला तेव्हा चारही इंजेक्टर एका टॉवेलात गुंडाळून आणले होते, आजारी मूल आणावं तसे.

"दाजी, सोमवारी बाई बस बघणार आहेत. चढावरून फिरवून."

"डिझेल कुठलं?"

"तुम्हीच सांगितलेल्या पंपावरचं."

"मग तू वाटेत पाणी घातलं असशील."

काकांनी सुया घासून-पुसून पहिला इंजेक्टर टेबलावर लावला. दांडा दाबला. मला करकर स्पष्ट ऐकू आली.

"मुका," काका म्हणाले. चकती घातली. पुन्हा दाबला. आता आवाज मोठा होता.

"अजून मुका. बघ, काय केलंस याचं." आणखी एक चकती. या वेळी दांडा दाबताना त्यांच्या मानेची शीर फुगली. इंजेक्टर कुत्र्यासारखा भुंकला.

"हां! आता बोलला."

मी म्हणालो, "काका, तो पहिल्यांदाच बोलला होता."

"काय?"

"पहिल्यांदाच!"

"काय पहिल्यांदा?"

मी आणि मेव्हणा एकमेकांकडे बघत राहिलो. मग मेव्हण्याने हात लांब करून मीटरवरची टोपी काढली आणि स्वतःच दांडा दाबला. काटा दोनशे साठवर जाऊन सुटला. त्या इंजिनाला दोनशे लागतात. एवढं मलाही ठाऊक होतं, टेबलाच्या पत्र्यावर काकांनीच खिळ्याने कोरून ठेवलं होतं.

म्हणजे सुई मिनिटाला हजार वेळा हातोडीसारखी आपटत होती. पाच महिने. काकांच्या हातून.

"मीटर बिघडलंय," काका म्हणाले.

काकू डबा घेऊन आल्या तेव्हा मेव्हण्याचा आवाज रस्त्यापर्यंत जात होता. "ताई, तूच सांग! यांना ऐकू येतं का?"

"माझं तर लग्नापासून येत नाही," काकू म्हणाल्या. "वर्षभर झालं, बाकीच्यांचंही येईनासं झालंय. दार वाजलं तरी मीच उठते." मग त्या मोठ्याने म्हणाल्या, "अहो, कपाटातला कोरा लावा! कंपनीने दाब लावून दिलेला!"

ते मात्र त्यांना ऐकू आलं. कोरा इंजेक्टर मेणकागदातून निघाला. काकांनी तो लावला, दांडा सावकाश दाबला. काटा बरोबर दोनशेवर थांबला. करकर झाली. स्वच्छ, बारीक, रात्रकिड्यासारखी. आम्ही तिघांनी ऐकली.

काका वाट बघत होते. दांडा पुन्हा दाबला. पुन्हा. मग त्यांनी आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. आधी काकूंकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं, हा माणूस आता खाली बसेल. निदान मेव्हण्याच्या खांद्यावर हात तरी ठेवेल.

"हल्ली कंपनीसुद्धा मुका माल विकते," काका म्हणाले.

पण पाठ आमच्याकडे करून ते कामाला लागले. मेव्हण्याच्या चारही इंजेक्टरांतल्या चकत्या काढल्या. ठेचलेल्या सुया फेकल्या, आपल्या कपाटातल्या नव्या बसवल्या. मीटर दिसू नये असे ते त्याच्यासमोर उभे होते. तरी काचेवर वाकलेलं डोकं दिसत होतं.

सोमवारी बस चढ चढली. बाई खिडकीशी बसल्या होत्या, उतरताना काही बोलल्या नाहीत. मेव्हण्याला तेवढं पुरलं.

त्याच संध्याकाळी काका चहाच्या टपरीवर सांगत होते, "मेव्हण्याला शेवटी अक्कल आली. चांगलं डिझेल भरायला लागला." मेव्हणा तिथेच उभा होता. त्याने बशीत चहा ओतला आणि प्यायला.

मी वर्षभर ज्या माणसाला कलावंत समजत होतो तो हा. मित्रांना मी त्याच्याबद्दल पत्रं लिहिली होती, पानंच्या पानं.

आता काकू रोज दुकानात बसतात. स्टूल टेबलाच्या त्या बाजूला आहे, जिथून मीटर दिसतं. कोणी विचारलं तर काका म्हणतात, "घरात करमत नाही तिला." मी काकूंना विचारलं, तुम्हाला याचा राग नाही येत? त्या म्हणाल्या, "राग कशाला? मी सांगते आणि हे तसं करतात. तीस वर्षांत पहिल्यांदा."

गेल्या वर्षभरातले ट्रकवाले एकेक करून परत येतायत. येणारच. परवा एक आला, वाळूची गाडी चालवणारा, साधा माणूस. सहा महिन्यांत दुसरी वेळ, म्हणाला, मालक कामावरून काढेल.

काकांनी दांडा दाबला.

"दोनशे सत्तर!" काकू ओरडल्या.

"डिझेल कुठलं भरतोस?" काकांनी विचारलं.

"नाक्यावरच्या पंपावरचं."

"तरीच." काका चिमट्याने चकत्या काढू लागले. "सुई मारलीस तू."

"चुकलं, काका," तो म्हणाला. "पुन्हा नाही भरणार."

मी चहा संपवला आणि वर गेलो. तो माणूस आता चौदा किलोमीटर लांबच्या पंपावर डिझेल भरायला जातो.